सासूबाईंनी ओवलेली नळी

वाळलेली झाडं उतरवणं हा खारूशेठचा धंदा. ‘पाडणं’ म्हटलेलं त्याला खपत नसे. झाड उतरवायचं असतं, म्हाताऱ्या पाहुण्याला जिन्यावरून उतरवावं तसं, फांदी फांदी करत, कुणाच्या छपराला धक्का न लावता. खारीसारखा सरसर चढायचा म्हणून गल्लीने त्याला खार म्हटलं, आणि वर पोचल्यावर तिथूनच सगळ्यांना हुकूम सोडायचा म्हणून पुढे शेठ जोडलं. झाडावर असा शेठ, खाली उतरला की मात्र घरजावई. लग्नानंतर ‘चार दिवस’ म्हणून सासूबाईंकडे राहायला आला, ते चार दिवस काही संपले नाहीत.

सासूबाई त्याला कधी अरेतुरे करत नसत. ‘जावईबापू’ म्हणत, ‘तुम्ही’ म्हणत, आणि त्या ‘तुम्ही’त असं काही घोळवून देत की त्यापेक्षा शिवी परवडली.

त्या सकाळी त्यांची हाक आली, “जावईबापू, तुमच्या मशीनने अंथरूण ओलं केलंय!”

जिन्याखाली चेनच्या करवतीचं मशीन, आणि त्याला टेकून सासूबाईंची रजई. मशीनमधून पेट्रोल ठिबकलं होतं आणि रजईने ते मन लावून पिऊन घेतलं होतं.

“अजून लहान आहे हो ते, आई,” खारूशेठ म्हणाला. “रात्री लंगोट बांधायला विसरलो.”

बायको स्वयंपाकघरात फस्सकन हसली आणि तिथेच घात झाला. सासूबाईंनी पेट्रोल सोसलं असतं, हसणं सोसलं नाही.

“हसा. दुपारी भंगारवाला यायचाय. मागचं वाळकं झाड त्याच्याआधी उतरलं तर मशीन घरात. नाही तर हातगाडीवर. तुम्हालाही सोबत जायचं असलं, तर मी काही आडवी येणार नाही.”

ही पोकळ धमकी नव्हती. याच भंगारवाल्याला त्यांनी मागे सासऱ्यांचा रेडिओ दिला होता, तोही बातम्या चालू असताना. मशीन गेलं की धंदा गेला, आणि बिनधंद्याचा घरजावई म्हणजे उसवलेला खिसा. अंगावर आहे, पण उपयोग नाही.

तो मशीन घेऊन मागच्या पायरीवर बसला. टाकी रिकामी केली, झाकण उघडलं, आणि दुखणं लगेच सापडलं. टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल नेणारी नळी वाळक्या शेंगेसारखी कडक झाली होती. वाकवली तर तडकली. नव्या नळीचं वेटोळं खुंटीला होतंच. आता काम काय, तर जुनी ओढून काढायची, नवी टाकीच्या भोकातून आत घ्यायची आणि आतल्या टोकाला फिल्टरचा गोळा अडकवायचा. सांगायला सोपं. पण पेट्रोल गळू नये म्हणून ते भोक नळीपेक्षा बारीकच ठेवलेलं असतं. नळी आत ढकलावी, तर ती मान वळवून बाहेर बघते.

सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. हात तांदळात, जीव नळीत.

त्यांच्याकडे बघता बघता खारूशेठच्या डोक्यात किडा वळवळला. घरात कुणी पायजम्यात नाडी ओवायला बसलं, की या बाईला दुसऱ्याचं ओवणं बघवत नसे. हिसकावून घ्यायच्या आणि स्वतः ओवायच्या. मग तो पायजमा जणू त्यांनीच जन्माला घातला, अशी त्याची काळजी घ्यायच्या.

नळीचं टोक तिरकं कापून तारेने ओढायचं असतं हे खारूशेठला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने ते मुद्दाम बोथट ठेवलं आणि भोकावर दाबत बसला.

“जात नाहीये बुवा.”

तांदळातला एक खडा अंगणात उडाला.

त्याने नळी तोंडात धरून जोरात फुंकली.

“फुंकून काय होणार? इकडचं वारं तिकडे!” दारातून आवाज आला.

“काही म्हणालात, आई?”

“मी कशाला बोलू? बोलणारी मी कोण?”

मग त्याने टोकाला थुंकी लावली आणि एक डोळा मिटून नेम धरला. तांदळाचं ताट खाली आदळलं.

“अहो, सुईदोरा आहे का तो! तिरकी कापा आधी... तशी नाही... आणा इकडे!”

सासूबाई कात्री घेऊनच बसल्या. त्यांनी जुनी नळी फरशीवर ठेवली, नवी तिच्याशेजारी अंथरली आणि मापाला माप लावून तंतोतंत कापली.

खारूशेठचं तोंड उघडलं. जुनी नळी वापरून वापरून आखडलेली असते. नवी चांगली बोटभर जास्त घ्यावी लागते, नाही तर फिल्टर टाकीत लोंबकळतो, आणि मशीन आडवं धरलं की त्याला पेट्रोल लागत नाही. पण हे आत्ता सांगावं, तर सासूबाई कात्री टाकून उठणार. त्याने तोंड मिटलं. जांभई होती असं दाखवलं.

त्यांनी तिरक्या टोकात सेफ्टी पिन अडकवली, तिला दोरा बांधला, तो भोकातून सोडून टाकीच्या तोंडातून आकड्याने वर घेतला आणि ओढला. नळी ‘पट्’ करून जागेवर बसली.

“झालं. एवढ्यासाठी सकाळपासून तोंड वेंगाडत होतात.”

खारूशेठने फिल्टर अडकवला, पेट्रोल भरलं, दोरी खेचली, मशीन गरजलं. त्याच वेळी बोळातून हातगाडी आली.

“काय द्यायचंय, मावशी?” भंगारवाल्याने विचारलं.

“थांब, बघ जरा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना आता प्रेक्षक हवा होता.

खारूशेठ झाडाशी गेला. चढण्याआधी बुंध्यावर एक काप घेऊन बघायचा, म्हणजे मशीन आडवं धरणं आलंच. आडवं केलं, ते घुं घुं करून मरगळलं. उभं केलं, पुन्हा गरजलं. आडवं केलं, मरगळलं.

“आई, अगदी बाबांसारखं,” बायको म्हणाली. “आडवं झालं की गप्प.”

“तुझे बाबा आडवे झाले की भिंती हलायच्या.”

तेवढ्यात मशीन फुस्स करून पुरतंच बंद पडलं. भंगारवाल्याने गाडीवर जागा केली. “गेलं हे, मावशी. ठेवू?”

सासूबाईंनी मशीनकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. जावई आभाळातले ढग बघत होता.

“गेलं?” सासूबाई कडाडल्या. “त्याला काय धाड भरलीय? नळी मी ओवलीय, मी! झाडच वाकडं आहे.”

भंगारवाल्याने झाडाकडे पाहिलं. गवंड्याने ओळंबा लावून उभं करावं इतकं सरळ.

“मावशी, झाड तर...”

“तुला भंगारातलं कळतं का झाडातलं?”

तो रिकामी गाडी खडखडवत निघून गेला.

“जावईबापू, तुम्हाला ठाऊक होतं ना, आखूड पडणार ते?”

“छे हो, आई. माझं सगळं लक्ष तुमच्या हाताकडे. काय हात चालतो!”

“लबाड कुठले! आणा ते वेटोळं. आणि हसणं आवरा, नळी हलतेय.”

या खेपेला त्यांनी लांब कापली. ऊन उतरायच्या आत झाड शेंड्यापासून खाली आलं, छपराचं एक कौलही न हलता.

भंगारवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची शिंपीण दारात उभी. “अहो खारूशेठ, माझ्या दारातलं झाड वाळलंय. पण ते वाकडं तर नाही ना? तुमच्याकडे वाकडं चालत नाही म्हणे.”

खारूशेठ गंभीर चेहरा करून म्हणाला, “ते आईंनाच विचारावं लागेल.”

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या, एक डोळा मिटून, मान तिरकी करून त्यांनी झाड खालपासून वरपर्यंत निरखलं.

“आहे वाकडं,” त्या म्हणाल्या. “पण आमचं मशीन उतरवेल.”