थर जिथे चिकटतो

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी काचेवर चढवलेल्या चुंबकीय धातूचे थर तपासते. एका केसाच्या जाडीत असे हजारो थर मावतील. थरावर लाल लेझर सोडला की निळ्या प्रकाशाचे मोजके कण परत येतात. ते थराच्या पोटातून येत नाहीत. ते येतात वरच्या पृष्ठभागातून, आणि थर काचेला चिकटतो त्या जोडातून. थराजवळ धरलेला चुंबक उलटा केला की त्या कणांची संख्या बदलायला हवी. माझ्या काचेच्या तुकड्यात ती दोन महिने बदलत नव्हती, आणि मी लेझरला शिव्या घालत होते.

ईदला रोहिणखेडला घरी गेले तेव्हा तो तुकडा डबीत घालून नेला. अब्बांचं आयुष्य पितळी भांड्यांना कलई करण्यात गेलं. "मले दाखव तं," ते म्हणाले. प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक पाहुणा अशा वेळी बोट पुढे करतो आणि मी खेकसते. इथेही डबी उघडताना मी तोंड उघडलंच होतं. पण अब्बांनी दोन्ही हात आधीच पाठीमागे बांधले होते. ते वाकून बघत राहिले, आणि मी माझं सगळं रडगाणं सांगितलं.

"वरून तं सगळंच चमकते, बेटा," ते म्हणाले. "चढवायच्या आधी काच बराबर घासली होती का?"

"लेझर जुना आहे, अब्बा," मी तडकून म्हणाले.

पुण्याला परतल्यावर मात्र लेझरकडे गेलेच नाही. आधी नवीन काच धुवायला घेतली.