लोणच्याच्या बरणीतली वाळू

हे मी आमच्या हिलाही सांगितलेलं नाही. आणि हिच्यापासून मी काही म्हणजे काही लपवत नाही, असं कुवेतला असताना आमच्या मंगफ वस्तीभर सांगत फिरायचो — आता काय बोलायचं!

यूसुफ सप्टेंबर माझ्याच शिफ्टला वेल्डर होता, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचा. पहिल्या दिवशी आडनाव ऐकून मी फिस्सकन हसलो. तो चिडला नाही. डच लोक गुलाम करून माणसं जहाजातून केपला आणायचे, त्याने सांगितलं, आणि मालक त्यांना नवं नाव द्यायचा — कधी कधी नुसतं महिन्याचं. त्याच्या आईच्या घराण्यातली मूळची बाई हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेली. गाव कोणतं, हे कोणालाच ठाऊक नाही.

मग मी काय केलं? फुशारकी मारली. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे, म्हटलं, भिंती अजून उभ्या आहेत. झालं! त्या दिवसापासून वेंगुर्लं हेच त्याचं गाव, आणि मी गाववाला. हिने त्याला ‘भाऊ’ म्हणायला शिकवलं. त्याच्या आईने केपहून आंब्याचं लोणचं पाठवलं — तीही त्याला हिंदीतल्यासारखं अचारच म्हणते! — ते आम्ही तिघांनी भाताबरोबर चाटूनपुसून संपवलं. काय लाघवी माणूस होता! नळ गळला तरी आधी त्यालाच हाक मारायचो.

मी एकटाच सुट्टीवर गावी निघालो तेव्हा नेहमीप्रमाणे जो तो घरी पोचवायच्या पिशव्या घेऊन आला. यूसुफने त्याच लोणच्याची बरणी दिली, धुऊन, रिकामी. त्याच्या आईला वेंगुर्ल्याची मूठभर वाळू हवी होती.

घरी मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. वडील जेवत होते. त्यांचा हात थांबला.

"गोरो काय एकटोच गावात इलो?" ते म्हणाले. "वाट दाखवूक कोण तरी आपलोच आसतलो."

आपलो म्हणजे कोण? आमचं घराणं बंदरावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मचवे होते आमचे. मी विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं? समुद्र तर परसातून दिसायचा. महिनाभर राहिलो, पोटभर मासे खाल्ले, आणि ती बरणी बॅगेतून बाहेरच काढली नाही. वाळू भरताना वडिलांनी पाहिलं असतं, तो विषय पुन्हा निघाला असता, आणि कुठलं तरी आमच्याच घरातलं नाव कानावर पडलं असतं — ह्याची भीती वाटली. खरंच वाटली.

कुवेतला परतलो तो शुक्रवार. यूसुफ संध्याकाळी येणार होता. दुपारी भाजी आणतो म्हणून फहाहीलला गेलो आणि तिथल्या किनाऱ्यावर बसून बरणी भरली. वर एक पांढरा शिंपला ठेवला. शिंपला कशाला? खोटं नटवायला, दुसरं काय!

यूसुफने बरणी दोन्ही हातांत घेतली. वास घेतला. मग मला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. ही पण रडली. सांगायचं ते तेव्हाच सांगायचं होतं — पण तोंड उघडलं ते चहा विचारायला.

पुढे तो कायमचा केपला गेला. चार-पाच वर्षांनी त्याचा फोन आला. आई गेली होती. शेवटपर्यंत बरणी तिच्या उशाशी होती, आणि वाळू त्याने स्वतःच्या हाताने तिच्या कबरीवर पसरली.

"भाऊ," तो म्हणाला, "आई घरी पोचली."

"बरं झालं," मी म्हणालो.

आता मी वेंगुर्ल्यातच असतो. वडील गेले, विचारायला कोणी उरलं नाही. दर ईदला यूसुफचा फोन येतो, तो आमच्या समुद्राची चौकशी करतो, आणि मी परसात जाऊन त्याला लाटा ऐकवतो. त्याच्या आईच्या कबरीवर फहाहीलची वाळू आहे. बरणी मी भरली होती.