डीकनच्या गाडीची दारं

दार लागल्याचा आवाज ऐकून लूशस पेटिग्रू सांगायचा, ते कुठे अडतंय. डोळे मिटून सांगायचा. खालच्या बिजागरीवर भार आलाय, वरच्या कोपऱ्यात रबर चुरगळलंय, कुलपाचा आकडा सुताभर आत गेलाय. आपण वाकून बघावं तर नेमकं तेच निघायचं. डेट्रॉइटच्या आमच्या कारखान्यात लाइनीच्या अगदी शेवटी त्याची जागा होती. एकोणीस फूट लांबीची ती आलिशान सेडान त्याच्यापुढे यायची आणि मिनिटभरात चारही दारं नीट करून तो तिला पुढे सोडायचा. हत्यारं म्हणजे एक पाना, एक रबरी हातोडा, लाकडाचा ठोकळा आणि स्वतःचा उजवा खांदा. जाहिरातीत गाडीचं नाव मोठं भारदस्त छापलेलं असायचं. कारखान्यात तिला सगळे जहाज म्हणत.

लूशस मूळचा अलाबामाचा. एकोणिसाव्या वर्षी डेट्रॉइटला बसमधून उतरला तेव्हा अंगात उन्हाळी सदरा आणि बाहेर गुडघाभर बर्फ. पहिली दोन वर्षं भट्टीवर काढली, मग कुणीतरी त्याला दारांवर टाकलं आणि तिथे तो सव्वीस वर्षं टिकला. माणूस सावकाश बोलणारा, त्याहून सावकाश हसणारा. रविवारी चर्चमध्ये तो डीकन, पाद्रीबाबांच्या खालोखाल त्याचा मान. म्हणून कारखान्यातही तो सगळ्यांचा डीकनच झाला. लोक त्याच्यासमोर शिवी द्यायची झाली तर मान वळवून देत. चार पोरं शिकवून त्याने मार्गाला लावली आणि स्वतः एका जुन्या खटाऱ्यातून कामावर येत राहिला. जहाज आपण बनवायचं आणि त्यात दुसऱ्याने बसायचं, याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. त्याच्या आईला मात्र फार वाटायचं.

ओडेसाबाई मुलाच्या मागोमाग उत्तरेत आल्या होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं राबल्या, पण जीव गावाकडेच. दर जुलैच्या तिसऱ्या रविवारी गावच्या चर्चचा मेळावा असे. कामधंद्यासाठी उत्तरेत पांगलेली माणसं त्या दिवशी गावी परततात, आणि कोण कशातून आलं हे गावातली माणसं नीट बघून ठेवतात. ओडेसाबाई दर वर्षी बसमधून यायच्या, मांडीवर बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी. थांब्यावर त्यांची धाकटी बहीण पर्ली जावयाची गाडी घेऊन उभी असे.

"काय गं, तुझा लूशस ती भलीमोठी गाडी बनवतो म्हणतेस ना?" पर्लीबाई दर वर्षी विचारायच्या. "मग गाडी येते कधी? का तो नुसती दारंच बनवतो? बाकीची गाडी मिळाली की येईल म्हणा!"

एकोणीसशे शहात्तर साली ओडेसाबाईंना ऐंशीवं सरत होतं. एप्रिलमध्येच एके दिवशी जेवता जेवता त्यांनी जाहीर करून टाकलं.

"लूशस, यंदा मी बसने जायची नाही."

"मग कशाने जाणार, आई?"

"तू नेशील त्याने. पण बसने नाही आणि तुझ्या त्या डबड्यातूनही नाही. नाहीतर मी इथेच राहते. पर्लीला कळव, म्हातारी गेली म्हणून."

"पण तू तर ठणठणीत आहेस."

"रागाने जाईन."

लूशसने तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी जहाज नोंदवलं. तसंही पुढच्या वर्षीपासून गाडी कापून लहान करणार, असं सगळीकडे ऐकू येत होतं. घ्यायची तर हीच वेळ होती. रंग ओडेसाबाईंनी निवडला, ताज्या लोण्याचा. छत गडद तपकिरी. आत दिवाणखान्यातल्या कोचासारखी मखमली, बटणं टाचलेली बैठक, मागच्या सीटवर बसणाऱ्याला पाय टेकायला उतरते पाट, खांद्याशी वाचायला दिवा आणि हाताशी लायटर. ओडेसाबाईंनी जन्मात सिगरेट ओढली नव्हती, पण गाडीत लायटर एक सोडून चार आहेत हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

पाचशे सतरा नंबरची ही गाडी तिसऱ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी लाइनीवर येणार होती. त्याच संध्याकाळी कारखाना नव्या मॉडेलच्या तयारीसाठी दोन आठवडे बंद व्हायचा होता. साहेबांनी डीकनसाठी एवढी सवलत केली होती की गाडी तयार झाली की गेटवरच ताब्यात घ्यायची. तिथून घरी, आईला मागे बसवायचं आणि थेट अलाबामा. शुक्रवारी गाडी हुकली तर मात्र ती दोन आठवडे आतच अडकणार होती, आणि मेळावा काही थांबणार नव्हता.

आता आमच्याकडे एक रीत आहे. लाइनीवरच्या माणसाची स्वतःची गाडी येणार असली की निरोप आधीच पुढे पोचतो आणि जो तो त्या गाडीवर जरा जास्त मन लावतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. बोलूनही कुणी दाखवत नाही, कारण बोलून दाखवलं की भेटीची मजा गेली. पाचशे सतरा डीकनची, एवढंच या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि सगळे एकदम साळसूद चेहऱ्याने कामाला लागले.

शुक्रवारी साडेअकराला लोण्याच्या रंगाचं ते जहाज लूशसच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. सव्वीस वर्षांत त्याने हात पुसून गाडीला हात लावला नव्हता, त्या दिवशी पुसला. मागचं दार धरलं, रोजच्यासारखं हलकं ढकललं.

दार आपटलं आणि परत उघडलं.

त्याने जरा जोर लावला. दार पुन्हा उघडलं. खांदा लावला, तेव्हा दार कण्हल्यासारखा आवाज करून अर्धं लागलं आणि बाकीच्या अर्ध्यात ठाम उभं राहिलं. दुसरं दार तसंच, तिसरं आणि चौथंही तसंच. लूशसने डोळे मिटून आवाज ऐकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीच कळेना. एकाच दारात सगळे दोष एकदम बोलत होते. मिनिट संपलं, लाइन कुणासाठी थांबत नाही. पाचशे सतरा उघड्या दारांनी पुढे गेली आणि बाजूला, नादुरुस्त गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे तीस गाड्या होत्या.

अडीचला पाळी सुटली. घाईने घरी जायचं सोडून लूशस त्या रांगेकडे गेला, तर गाडीभोवती चौघं आधीच उभी होती, शाळेत मास्तरांनी बोलावल्यासारखी.

"डीकन," हर्शेल म्हणाला. दारांच्या आत आवाज रोखणारं डांबर मारणारा हा धिप्पाड गडी. "मी जरा दोन हात जास्त मारले. म्हटलं, म्हातारीला वाटेत डुलकी लागावी."

"दोन हात?" लूशसने विचारलं.

"तीन."

"तरीच दार एवढं जड झालंय!" रंगकामातला येमेनी नासर म्हणाला, आणि सगळे आपल्याकडे बघतायत असं पाहून त्याने खाली पाहिलं. "रंगाचा एक हात मीही वाढवला. एकच. कडांवर दोन असतील."

केंटकीच्या डोंगरातून आलेल्या क्लीटसने टोपी काढली. "रबर मी जाड लावलंय. लिमोझिनचं. पावसाचा थेंब आत यायचा नाही."

"थेंब कशाला येईल? माणूसच जात नाही आत!" लुवेनिया ओरडली. ती शिवणखात्यातली. मग तिचाच आवाज खाली आला. "दारांच्या गाद्यांत मी कापूस भरला. ओडेसाबाईंचं कोपर दुखतं ना."

"किती?"

"पुष्कळ."

लूशस एकेकाकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला. सावकाश हसणारा तो माणूस गाडीच्या टपाला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मग बाकीचे चौघंही.

हसून झाल्यावर भांडण लागलं. गेट पाचला बंद होणार होतं. कुणाचं काढायचं? क्लीटस म्हणाला रबर काढतो, दहा मिनिटांचं काम. लुवेनिया म्हणाली, त्याचं कशाला, मीच गाद्या उसवते, जास्तीचा शहाणपणा माझाच. हर्शेल म्हणाला, डांबर खरवडता येतं. आपलं ठेवावं असं एकही म्हणेना, तरी आवाज चढत चालले.

"कुणी काही काढायचं नाही," लूशस म्हणाला.

"अरे पण दार लागत नाही!"

"लागेल. ज्याने दिलं त्याच्यासमोर ते उसवून टाकायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. हर्शेल, दार उचलून धर."

त्याने बिजागऱ्या सैल केल्या आणि चारही दारं बाहेरच्या बाजूला सरकवली. कुलपाचे आकडे तितकेच बाहेर घेतले. मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा एक सूत सरकवलं. दोन तास हे चाललं. शेवटी त्याने मागचं दार हलकं ढकललं आणि ते थप्पकन लागलं, असं भरीव आणि मऊ, की पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. असा आवाज त्या कारखान्यात कुणी ऐकला नव्हता.

फक्त दार शेजारच्या पत्र्यापेक्षा बाहेर आलेलं होतं. फार नाही, पाच सेंटच्या नाण्याच्या जाडीएवढं. एवढ्यासाठी लूशसने दुसऱ्यांच्या शेकडो गाड्या परत पाठवल्या असत्या.

आणि वांडा नोवित्स्कीची सही अजून व्हायची होती.

वांडा म्हणजे शेवटची तपासणी. तिच्या सहीशिवाय गाडी गेटाबाहेर जात नसे. शेजारच्या हॅमट्रॅमिक गावची ही पोलिश बाई डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवायची. उघडी बोटं पत्र्यावरून फिरवून ती केसाएवढा उंचवटा पकडायची. चौदा वर्षांत तिने लूशसची दारं तीनदा परत पाठवली होती आणि तिन्ही तारखा लूशसला पाठ होत्या.

पाचला वीस मिनिटं कमी असताना वांडा हातात कार्ड घेऊन आली. गाडीभोवती फिरली. मागच्या दाराच्या फटीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच थांबलं.

"पेटिग्रू, हे काय आहे?"

"दार."

"ते मला दिसतंय. किती बाहेर आलंय?"

लूशस खोटं बोलत नसे. "एक नाणं."

"चारही?"

"चारही."

वांडाने गाडीत डोकावलं. फुगलेल्या गाद्या पाहिल्या, जाड रबर चिमटीत धरून पाहिलं, कडेच्या रंगावर नख टेकवलं. मग उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं. तिने घड्याळाकडे नजर टाकली आणि हर्शेलपुढे हात केला.

"तुझा तो मोजा दे."

हर्शेलने खिशातला जाड चामडी हातमोजा काढून दिला. वांडाने तो हातात चढवला, बोटं नीट आतपर्यंत नेली आणि तसल्या हाताने चारही दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत तपासल्या, अगदी सावकाश, काही चुकू नये अशा बेताने.

"मला तर काही लागत नाही," ती म्हणाली. मोज्यातच पेन धरून तिने सही केली. ती सही फार वाकडी आली. "आईला सांग, वांडाने विचारलंय. आणि पेटिग्रू, पुन्हा असं दार पाठवलंस तर तुला दारासकट परत पाठवीन."

लूशसला तिचे आभार मानायचे होते. त्याने नुसती मान हलवली आणि तेवढी तिला पुरली.

वाटेत ओडेसाबाईंनी ही सगळी हकिगत दोनदा सांगायला लावली. ओहायो ओलांडताना एकदा आणि टेनेसीत पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी हातमोज्यापाशी त्यांना इतकं हसू आलं की पुढचं ऐकूच आलं नाही. पाय पाटावर, कोपर कापसावर, एकेक लायटर दाबून बघत त्या शनिवारी दुपारी गावात उतरल्या.

रविवारी चर्चच्या अंगणात जहाज शिरलं तेव्हा माणसं बाजूला होत गेली. पोरांनी काचांना नाकं लावली, म्हाताऱ्यांनी टायरांना हळूच बूट लावून पाहिले. लूशसने उतरून आईसाठी मागचं दार उघडलं. ओडेसाबाई नव्या हॅटसकट बाहेर आल्या आणि कुणाची घाई नसल्यासारख्या उभ्या राहिल्या. पर्लीबाईंनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली. लांबी बघितली, छत बघितलं, दिवे बघितले. खोट काही सापडेना. दुसरी फेरी चालू केली आणि उघडं दार सावकाश लावून बघताना त्यांचं नख कडेला अडलं. चेहरा उजळला.

"अरे लूशस! हे दार बाहेर आलंय की रे! सव्वीस वर्षं दारं बसवतोस ना तू?"

लूशसचे कान तापले. सगळं अंगण ऐकत होतं. "मावशी, त्याचं काय झालं..."

"येणारच बाहेर," ओडेसाबाई हॅट नीट करत म्हणाल्या. "आत माणसं किती बसलीयेत."

पर्लीबाईंनी काचेतून डोकावून पाहिलं. "कुठायत माणसं? कुणी नाही आत."

"तुला दिसायची नाहीत. हर्शेल आहे, लुवेनिया आहे, क्लीटस आहे, तो येमेनचा नासर आहे. त्या पोलिश बाईला पण घेतलंय, ती मोजा घालून बसलीय. माझ्या लेकासाठी आलीत सगळी." मग त्यांनी बहिणीचा दंड धरला. "चल, बस. ती सरकून घेतील. तुझीही जागा होईल."

पर्लीबाई काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात लूशसने दार उघडून धरलं. त्या आत बसल्या. मखमलीवरून हात फिरवला, पाट खाली घेतला आणि त्यावर एकेक करून दोन्ही पाय ठेवले. ओडेसाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. प्रार्थनेची घंटा झाली तरी दोघींपैकी एकीचंही उतरायचं लक्षण दिसेना. लूशसने दाराला हलकासा हात लावला आणि ते पहिल्याच झटक्यात लागलं.