भागामावशीचा शेवटचा कोपरा

विलास सरांनी भागामावशीला फसवलं. कारेगावात आजवर उलटंच सांगितलं जातं, की म्हातारीनं लोकांच्या आयांची जरीची लुगडी लाटली. ते खोटं आहे. लुगडी सरांनी नेली, आणि त्यात माझ्या आईचंही होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी भागामावशीबद्दल चार बरे शब्द लिहीन तेव्हा कुणाला वाटायला नको की मेलेल्या बाईची बाजू सावरून घेतेय. मी कुणाची बाजू फुकट घेत नाही. शिरूरच्या बाजारात मला ओळखणारं कुणीही हे सांगेल.

आज माझं शिरूरला भांड्यांचं दुकान आहे, पण नव्वदीच्या सुरुवातीला ते दुकान माझ्या डोक्यावर होतं. टोपलीत स्टीलची भांडी घ्यायची, एसटीनं गावोगाव जायचं आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. घासाघीस करता करता माझा घसा बसायचा, पण मी कधी हरत नव्हते. राहू गावात एका ओट्यावरून हाक आली.

"ए भांडेवाली, उतर टोपली."

उंच, वाळकी बाई. कपाळावर भलंमोठं कुंकू, मिशरीनं काळे झालेले दात. एक पाय लांब पसरलेला आणि त्यावर अर्धवट शिवलेली गोधडी. मी टोपली उतरवली. तिनं पातेली बाजूला सारली आणि सरळ माझं कपड्यांचं गाठोडं सोडायला घेतलं.

"अहो मावशी, कपडे तुम्ही द्यायचे असतात."

"तुझी भांडी ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. हे निळं लुगडं कुणाचं?"

"वरच्या आळीतल्या एका बाईनं दिलं."

"तिचं हाय का सासूचं?"

मी लुगड्याचं टोक माझ्याकडं ओढलं. लुगडं सुनेनंच दिलं होतं, सासू शेतात गेलेली असताना.

"सासूचंच," ती म्हणाली. "मऊ किती झालंय बघ. सून नेसती व्हय असलं?" आणि आतून एक पातेलं आणून तिनं माझ्यासमोर आदळलं. "हे घे आन् लुगडं दे."

मी भांडी देऊन लुगडी घेणारी बाई. तिनं मला भांडं देऊन लुगडं काढून घेतलं. त्या पातेल्याच्या बुडाला पोचा होता, हे मला पुढच्या गावाला गेल्यावर कळलं. मी चिडून परत आले, तर म्हणते कशी, "घेताना डोळं कुठं ठिवलं हुतंस? ये, च्या पी." त्या दिवसापासून आमचं जमलं.

भागामावशीची माणसं पूर्वी मेंढरांमागं फिरायची. नंतर राहूला जमीन झाली, घर झालं, पण तिची बसण्याची रीत मेंढरांच्या वाड्यावरचीच राहिली. खुर्ची दिली तरी ती खाली बसायची. म्हणायची, "आमचं घर म्हंजी गोधडी. जिथं आथरली तिथं गाव." तिच्या लहानपणी तिच्या भावानं आईसाठी बाजारातून विकतची गोधडी आणली होती. आईनं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "पोरा, ह्यात तुझा हात कुठाय?" ते वाक्य भागामावशीनं जन्मभर धरून ठेवलं.

त्यातूनच तिची ती रीत आली असावी. आईसाठी गोधडी शिवून घ्यायला कुणी आलं, की ती तीन कोपरे बंद करायची आणि चौथा उघडा ठेवायची. त्या उघड्या कोपऱ्यात चिमूटभर जोंधळे घालायची आणि देणाऱ्याच्या हातात सुई द्यायची. लेक असो, मुलगा असो, साहेब असो, शेवटचे टाके त्यानं स्वतः घालायचे. नाही घातले तर गोधडी मिळायची नाही, मग कितीही गयावया करा.

"जोंधळे कशाला? उंदीर लागतील की," मी एकदा म्हटलं.

"लागूं देत. त्यास्नी बी आया असत्यात."

पुढं कारखाने आले. भागामावशीची लेक सिंधू कारेगावात दिली होती; तिनं घरामागं खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या आणि आईला हाताशी बोलावून घेतलं. खोल्यांतून मराठवाड्याची, विदर्भाची, पार बिहारची पोरं राहायची. सणाला गावी जाताना सगळ्यांपुढं एकच प्रश्न असायचा, आईला काय न्यायचं? साडी नेली तर आई पेटीत ठेवते, मिठाई नेली तर भावंडं खातात. भागामावशी सिंधूच्या ओट्यावरून ऐकत असायची. एक दिवस म्हणाली, "आईचं जुनं लुगडं आणा रं. तिचंच तिला मऊ करून देती."

रामप्रवेश नावाचा लेथ मशीनवरचा पोरगा पहिला. त्यानं गावाहून आईच्या दोन विटक्या साड्या आणल्या. शेवटच्या कोपऱ्याला त्याच्या हातात सुई आली तेव्हा मी तिथंच बसले होते. त्यानं ती परत मावशीपुढं धरली.

"आरं, येवढं लोखंड कापतोस आन् सुईला भितोस?"

"मौसी, लोहा बोलता नहीं है। माँ बोलेगी, ये टेढ़ा किसने सिया।"

"बोलूं दे की. तिला कळंल तरी, ल्येकानं शिवलंय."

त्यानं वाकडेतिकडे टाके घातले. मावशीनं ते उसवले नाहीत. सरळ टाका घालून देण्याची कुणी गळ घातली तर ती चिडायची. "वाकडं ते आईचं. सरळ शिवून पायजे तर दुकानात जा." त्या पोराच्या आईनं गावाहून निरोप धाडला, की गोधडी आली आणि मी कोपऱ्यावर हात ठेवून झोपते. मग कारेगावच्या खोल्याखोल्यांतून गाठोडी यायला लागली.

आता माझ्या आईविषयी. मी अख्ख्या तालुक्याची लुगडी भांड्यांवर घेतली, पण एका लुगड्याला कधी हात लावला नाही. आईचं हिरवं इरकली, लाल रेशमी पदराचं. वडील गेल्यावर घरात काही उरलं नव्हतं. आईनं जोडवी विकली, हंडा विकला, पण ते ठेवलं. आता तिला नीट दिसत नाही, नेसवत नाही. पेटी उघडायची, पदरावरून हात फिरवायचा आणि पेटी लावायची, एवढंच. मी म्हटलं, "आई, भागामावशीकडून ह्याची गोधडी करून घेऊ. पेटीत बघण्यापेक्षा अंगावर घे." आईनं पदराची घडी पुन्हा बसवली. मग म्हणाली, "कापू नको म्हणावं."

"कापतंय कोण?" भागामावशी म्हणाली. "आख्खं वरनं घालती. पदर तोंडाशी येईल आसा."

त्याच सुमारास विलास सर भागामावशीकडं आले. मूळचे दौंडचे. शिरूरला बायकांचे वर्ग घ्यायचे. आइस्क्रीमच्या काड्यांच्या फुलदाण्या, कापडी फुलं, आईला द्यायची शुभेच्छापत्रं. हातानं केलेल्या वस्तूंना पुण्यात मोठी मागणी आहे, असं गोड आवाजात सांगायचे. त्यांनी भागामावशीला वाकून नमस्कार केला आणि "आई" म्हणाले.

मला माणूस पहिल्या दिवसापासून पटला नाही. भाव न करता हो म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. मी तसं मावशीला सांगितलं.

"तुला समदेच चोर दिसत्यात, शके. तुझा धंदाच तसला."

"माझ्या धंद्यात माणूस तोंडावर भांडतो तरी. हा नुसता हसतोय."

"बघती मी त्याला," ती म्हणाली.

तिची बघायची पद्धत एकच. सरांना तिनं त्यांच्या आईसाठी गोधडी करून दिली आणि चौथा कोपरा उघडा ठेवला. सर इस्त्रीच्या पँटीत ओट्यावर मांडी घालून बसले. सुई ओवली, बोट टोचून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि टाके घातले. म्हणाले, "माझी आई दौंडला एकटी असते हो." झालं. भागामावशीच्या लेखी ज्यानं आईसाठी तिच्यापुढं बसून शेवटचा टाका घातला तो माणूस खोटा असूच शकत नव्हता. एवढी व्यवहारी बाई, मला पोचा आलेलं पातेलं खपवणारी, पण त्या एका कोपऱ्यापुढं तिचं डोकं चालायचं नाही.

त्यानंतर सर म्हणाले, पुण्यात मदर्स डे का काय असतो, त्यासाठी गोधड्या वेळेत हव्यात. लुगडी एकदम द्या. थर मशीनवर जोडून आणतो, हातचा टाका तुम्ही घाला. भागामावशीच्या घरातून तोवर कुणाचं लुगडं बाहेर गेलं नव्हतं. तिनं गाठोडी स्वतः बांधून जीपमध्ये चढवली. आईचं इरकली त्यात होतं. मी त्या दिवशी तिथं असते तर जीपपुढं आडवी पडले असते.

परत आल्या त्या तयार गोधड्या. चारी कोपरे बंद. सर आलेच नाहीत, ड्रायव्हर टाकून गेला. म्हणाला, घाई होती म्हणून तिकडंच पुऱ्या केल्या. मी आमची घरी आणून सोडली आणि एका नजरेत ओळखलं. वर छापील हिरवं कापड, आत गिरणीच्या चिंध्या. माझं डोकं फिरलं, मी आरडाओरडा सुरू केला. आईला त्यातलं काही कळलं नव्हतं. तिनं गोधडीवरून हात फिरवला, पदर शोधला, कोपरे चाचपले.

"कुणाचं गं हे?" ती म्हणाली. "चुकून दुसऱ्याचं आलं बघ. परत दे, ती बाई वाट बघत असंल."

तसंच घरोघर झालं. चांगली जरीची, रेशमाची लुगडी गेली होती. जुनी जर वितळवून चांदी काढणारे तिला काय भाव देतात ते मला या धंद्यात पक्कं ठाऊक आहे. पण लोकांनी लुगडी दिली होती भागामावशीच्या हातात, सरांच्या नाही. एका बाईनं ती गोधडी आणून तिच्या ओट्यावर फेकली. "म्हातारे, माझी आई मेलीय. तिचं येवढंच हुतं माझ्यापाशी." भागामावशीनं गोधडी उचलली, घडी घातली आणि मांडीवर ठेवून बसली.  मी म्हटलं, "बोला की! सांगा सरांनी नेली म्हणून!"

"हात माझा हुता, शके. गाठोडी म्या बांधली."

मी चौकीत गेले. चोरीला काय गेलं? जुनी लुगडी. ऐकणारा हसला. मग पुण्याला हातकामाच्या वस्तूंच्या प्रदर्शनात गेले. तिथं सरांचा स्टॉल होता: 'आईसाठी खास, हातानं बनवलेली भेट', आणि खाली भागामावशीचा हसरा फोटो. मागच्या भिंतीवर एक गोधडी टांगलेली. मी कोपरा पाहिला. तेच टाके, सरांनी ओट्यावर बसून स्वतःच्या आईसाठी घातलेले.

"ही काढा," मी म्हटलं.

"ती विकायची नाही, मॅडम," स्टॉलवरची मुलगी म्हणाली. "ती सॅम्पल आहे." सर बाहेर गेले होते. मी उभी राहिले तोवर ते परत आलेच नाहीत.

तशीच दौंडला गेले. रुळांपलीकडं एका खोलीत त्यांची आई सापडली. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, शिव्या जिभेवर होत्या. म्हातारी दुकानातलं ब्लँकेट पांघरून बसली होती. गोधडीचं विचारलं.

"गोधडी? न्हाई बाई. त्याला कुठं सवड असती." तिनं मला चहा केला. निघताना म्हणाली, "तुमची गाठ पडली तर सांगा, यिऊन जा म्हणावं. लई दिस झालं."

मी हे भागामावशीला सांगितलं. लुगडी गेली, नाव गेलं, तेव्हा जी बाई रडली नव्हती तिनं त्या दिवशी तोंडाला पदर लावला. "म्हंजी तो कोपरा खोटा हुता," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं कुणाकडून काम घेतलं नाही. सिंधू सांगायची, जेवण कमी झालं, मिशरीसुद्धा सुटली.

ती गेल्यावर सिंधू माझ्या दुकानात आली. पिशवीतून एक गोधडी काढली. भागामावशीनं स्वतःची दोन लुगडी घालून शिवलेली, माझ्या आईसाठी. तीन कोपरे बंद, चौथा उघडा. उघडताना जोंधळे काउंटरवर सांडले. मी ते एकेक वेचून परत आत घातले.

आई आता तीच पांघरते. कोपऱ्यात बोट घालते आणि रोज म्हणते, "शिव की गं." मी शिवत नाही. माझ्या आईच्या गोधडीत माझे टाके पडतील, पण त्याआधी कुणीतरी त्या ओट्यावर येऊन बोललं पाहिजे.

विलास सर, तुम्ही कुठं आहात ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही लिहिता-वाचता, हे कधीतरी तुमच्या हाती पडेल. आधी दौंडला जा, तुमची आई वाट बघतेय. मग कारेगावला या. सिंधूच्या ओट्यावर, जिथं तुम्ही मांडी घालून रडला होता तिथंच बसा आणि ज्यांची लुगडी नेली त्या सगळ्यांसमोर सांगा, की म्हातारीनं काही घेतलं नव्हतं. मीही येईन, आईला घेऊन. तिला नीट दिसत नाही, त्यामुळं मान खाली घालून उपयोग नाही. तोंडानंच सांगावं लागेल. लाल पदराचं हिरवं इरकली, कुठं आहे ते?