निघायचे शब्द

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. गोंदियात मुर्रीच्या वाटेवर एक सायकलवाला होता. तरुणपणी तो जहाजावर कोळसा ओढत अर्जेंटिनापर्यंत जाऊन आला होता. गप्पा कितीही रंगल्या तरी काम आठवलं की तो गुडघ्यावर थाप मारून उठायचा, "बुएनो" म्हणायचा, घरच्यांची विचारपूस करायचा आणि हात हलवून म्हणायचा, "आस्ता लुएगो." स्पॅनिशमध्ये 'बुएनो' म्हणजे बरं आणि 'आस्ता लुएगो' म्हणजे मग भेटू. इतक्या गोडीनं घालवल्यावर कुणाला राग येणार?

एकदा दवाखान्यातली स्पेनची सिस्टर पंक्चर काढून घ्यायला आली. दुकानात गप्पा मारत बसलेल्या आम्ही पोरांनी त्याला पुढं ढकललं.

"बोला ना भाऊ, तुमची भाषा!"

"बुएनो," तो म्हणाला. सिस्टरचा चेहरा उजळला आणि ती भडाभडा बोलू लागली. त्याला घाम फुटला.

"आस्ता लुएगो," तो म्हणाला. ती गोंधळून सायकलकडे वळली.

"नाही नाही, बसा बाई!" त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. "मले निघाचेच शब्द येतेत. बंदरावर तेवढेच शिकलो."

मी ते हिंदीत सांगितलं, तशी ती पोट धरून हसली. मग स्टुलावर बसून आपल्या भाषेतच बोलत राहिली. तो काम करता करता मान डोलवत होता.

उठताना ती म्हणाली, "अच्छा, जाती हूँ."

"जातो नाही म्हनत, बाई. येतो म्हना."

"येतो," म्हणून ती निघाली.

थोड्याच वेळात ती सायकल ढकलत परत आली. ऐकायच्या नादात त्यानं चाकात हवाच भरली नव्हती.