भाईची लाल झाकणाची डबी

भाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणला, लग्नघरात नारळ खवत बसले होते. फोन मुलुंडहून, आमच्या मजल्यावरच्या सावंतवहिनींचा. "झोपेतच गेले. डॉक्टर येऊन गेले, हार्ट म्हणाले." रडू नंतर आलं. आधी मी विचारलं, "गोळ्यांची पट्टी कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "कसल्या गोळ्या?" आणि मी फोन ठेवून दिला.

भाई माझा थोरला भाऊ. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये तो तीस वर्षं माल तपासायचा. खराब नग लाल झाकणाच्या डबीत टाकायचा आणि सोबत चिठ्ठी लिहायचा: नग किती, कारण काय. कारण लिहिल्याशिवाय तो काहीच नाकारत नसे, घरी आमटीसुद्धा. मी मात्र मुळातच संशयी. आमची घरं शेजारी, मधे एक भिंत. मला दमा. "जीव घाबरला की भिंतीवर ठोक गो शैला," असं त्याने बजावून ठेवलेलं.

गेल्या वर्षी वहिनी गेली. त्या रात्री भाई खोकल्याचं औषध घेऊन गाढ झोपला होता. तिने हाका मारल्या असतील, त्याला ऐकू आल्या नाहीत... हे तो एकदाच बोलला, पण त्यानंतर त्याची झोप उडाली ती उडालीच. डोळे खोल गेले. शेवटी मीच त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी झोपेच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. "रोज एक, दहाच दिवस. सवय लागता कामा नये." बाहेर आल्यावर भाई पुटपुटला, "माका कसली गोळी? मी काय येडो झालंय?" तेव्हाच मला संशय आला की हा घेणार नाही. म्हणून रोज सकाळी चहाला जायची ती पट्टी बघायला. रोज एक घर रिकामं. "झोप लागली?" "लागली ना." डोळे तसेच लाल, पण गोळी कमी झालेली दिसत होती, म्हणून मी चहा पिऊन घरी यायची.

गावाला निघाले तेव्हा चार उरल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तो फोन आला. परत आले तर पट्टी पूर्ण रिकामी. एका रात्रीत चार? ती पट्टी मी पर्समध्ये लपवली, कुणाला बोलले नाही. डॉक्टर दोनदा म्हणाले की हृदयच होतं, तरी मला वाटायचं, हे मला सांभाळून घेतायत. सावंतवहिनी दारात कुजबुजल्या तरी वाटायचं, यांना ठाऊक आहे. मीच त्याच्या हातात गोळ्या दिल्या, मीच त्याला मारलं, असं मनाने घेतलं. तेराव्याला पानावरून तशीच उठले.

महिन्याभराने त्याचं कपाट आवरताना तशीच एक लाल झाकणाची डबी सापडली. आत गोळ्या, दहाच्या दहा. मी तीनदा मोजल्या. रोज एक काढून इथे टाकत होता, मला दाखवायला. उरलेल्या चार मी गेल्यावर एकदम उरकल्या, पडून राहिलेलं काम त्याला खपत नसे. सुटले मी, त्याने काही केलं नव्हतं! मग खालची चिठ्ठी दिसली. त्याचं टपोरं अक्षर: "नग दहा. कारण: शैलाने भिंत ठोकली तर ऐकू येणार नाही."

मी तिथेच बसून ओक्साबोक्शी रडले. मी पट्टीवर पहारा देत होते आणि तो माझ्यावर.

गोळ्या केमिस्टकडे देऊन आले. डबी आणि चिठ्ठी माझ्याकडे, उशाशी. पण माझा स्वभाव कुठे जाणार... झोपताना मी अजून मधल्या भिंतीवर हात ठेवते आणि तोच एक संशय येतो. त्या रात्री त्याने भिंत ठोकली असेल का? भिंतीच्या या बाजूला मी नव्हते.