हातखंब्याला एक शेर पिठी

ये गो बाय, अशी जवळ बस. आधी हातातली वाटी खाली ठेव. पीठ असं ठोकून ठोकून भरतात होय? आणि वर मलाच विचारतेस, लाडू कोरडे का झाले म्हणून! ह्या दाबलेल्या पिठापायी माझं माहेर तुटायची वेळ आली होती.

तेव्हा मी नवीन सून. सासर रत्नागिरीत, माहेर हातखंब्याला, आणि नणंद दिलेली त्याच्या पुढं, पालीला. तिचं डोहाळजेवण ठरलं, तेव्हा सासूबाईंनी मोदकांसाठी तांदळाची पिठी दळून, चाळून घेतली. एका शेराच्या पितळी मापानं आठ शेर मोजून डब्यात भरली. त्यांचा कुणाच्याच मापावर विश्वास नव्हता, म्हणून मापही डब्यात घातलं. बैलगाडीतून मी एकटीच निघाले. गाडीवान बैलांना पाणी दाखवीपर्यंत हातखंब्याला आईकडे घटकाभर टेकले, एवढाच माझा गुन्हा.

पालीला नणंदेनं दारातच डबा उघडला आणि मोजायला बसली. सात मापं झाली आणि तळ लागला. परत मोजत डब्यात दाबून भरली, तरी सातच. माझ्याकडे बघत म्हणते, "हातखंब्याला थांबली होतीस ना गो?"

"थांबले होते वन्सं, पाणी प्यायला."

"एक शेर पिठीचं पाणी झालं म्हणायचं! आईला सांगते, यापुढं तिथं गाडी थांबायची नाही."

दारावरून जायचं आणि आई दिसायची नाही? बरं, मलाही शंका यायला लागली. गाडीवानानं तर नाही ना काढली? आईनंच चुकून? देवा, सख्ख्या आईवर संशय घेतला बघ मी!

मग डब्याला हात लावला तर पिठी थापल्यासारखी घट्ट. वाटभर गाडीचे दणके बसलेले. मी म्हटलं, "वन्सं, चाळण द्या." एक माप चाळून भरलं, एक डब्यातलं तसंच, आणि दोन भांड्यांत वेगवेगळं ओतलं. दोन्ही भांडी घेऊन शेजारच्या वाण्याकडे गेलो. नणंद माझ्या हातावरून नजर काढीना. वाण्यानं एका भांड्यातली पिठी ह्या पारड्यात ओतली, दुसऱ्यातली त्या. डब्यातल्या पिठीचं पारडं खाली गेलं.

"बघ, तू चाळलेलं हलकं. चाळणीतही चोरी!" नणंद म्हणाली.

वाणी हसला. "अहो ताई, माप जागा मोजतं, वजन नाही. सगळी चाळा, मग मोजा."

तिनं स्वतः चाळली, मला हात लावू दिला नाही. आठ शेर भरून वर मूठभर उरली. तर म्हणते कशी, "ही मूठ कुठून आली?"

मी परतल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकलं. माझी समजूत वगैरे काही काढली नाही. पण पुढच्या खेपेला डबा रत्नागिरीतच तोलून घेतला आणि म्हणाल्या, "पालीला परत तोलतील हो. मध्ये थांब हवं तर, पण जेवायला बसू नकोस."

मी बसले. आईनं ताट वाढलंच होतं. जेवूनच निघाले.

तुला तर वाटेत अडवणारं कुणी नाही, मग माहेरी यायला महिना-महिना का लावतेस गो? पुढच्या वेळी लवकर ये, जेवायलाच ये.